झुंबरबाईंच्या लॉजचा गुरुवार

खामगाव,
रविवार

श्रीमान हर्षलराव जवाईबापू यांस कारभारीचा नमस्कार आणि आशीर्वाद. (वयानं आशीर्वाद द्यायचा, नात्यानं नमस्कार करायचा. दोन्ही पाठवतो आहे, जो लागेल तो ठेवून घ्यावा.) इकडे सर्व ठीक. कुलर दिवसभर चालतो आणि खोलीतलंच ऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवतो. तुमच्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे, फक्त खाली बसायचं म्हटलं की नाराज होतो. तुमची कंबर अजून धरते असं योगिनी म्हणत होती. खुर्चीवरून अधूनमधून उठत जा. कोड कुठं पळून जात नाही. फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्हाला वाटेल. योगिनी फोन आला की स्पीकर लावते. एसटीडी बूथ चालवत होतो तेव्हापासून माझे कान तिखट आहेत (काचेच्या आतला माणूस 'बरं' म्हणाला की पलीकडे साहेब आहे की बायको, हे मी बाहेर बसून ओळखायचो) आणि पोरीनं नेमके तेच कान उचलले आहेत. म्हणून कागद.

विषय गंभीर आहे. आमच्या इकडच्या कोडवाल्यांचं एक मंडळ आहे, हे तुम्हाला ठाऊकच. खामगाव, शेगाव, थेट वरवट बकालपर्यंत दुकानांची, दवाखान्यांची, मंगल कार्यालयांची सॉफ्टवेअरं जे कोणी बनवतात, ते सगळे त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. प्रसेनजित तो चालवतो. व्यवहार विरजणासारखा. कोणाला जीएसटीचा तुकडा लागला, कोणाला तारखेचा, की त्यानं वाटी पुढं करायची, ज्याच्याकडे असेल त्यानं चमचाभर कोड घालायचा. कोणाच्या म्हशीचं दूध, कोणी विचारत नाही. प्रसेनजित बिचारा वर्षानुवर्षं सांगतो की तुकडा टाकताना तो कशासाठी लिहिला ते वरती लिहीत जा, आणि दुसऱ्याचा तुकडा घेताना आधी वाचून घ्या. त्यावर सगळे अंगठा दाखवतात आणि खाली लिहितात, 'चालते ना बे? मंग घे ना.' चांगल्या सल्ल्याचं इकडे असंच होतं. आदर पूर्ण, अंमल शून्य.

तर यंदा शेगावात झुंबरबाईंच्या लॉजचं काम मला मिळालं. ही बाई म्हणजे तिथल्या लॉजवाल्यांची थोरली बहीण. ती ज्या कंपनीच्या गाद्या घेईल त्याच सगळी गल्ली घेते. तिच्याकडे आपलं सॉफ्टवेअर टिकलं तर बाकीचे लॉज आपसूक येणार, आणि नाही टिकलं तर शेगावच्या स्टेशनवर उतरायची मला लाज वाटणार. आमच्या सॉफ्टवेअरच्या दुकानात पूनम नावाची मुलगी कोड लिहिते. हुशार आहे. तिला नागपूरहून बोलावणं होतं, शेगावचं काम येणार म्हणून मीच तिला थांबवून घेतली. हे सांगतो ते एवढ्यासाठी की यात माझी एकट्याची अब्रू नाही.

पूनमनं सगळं नीट केलं. फक्त पाहुणा किती दिवस राहणार ते मोजायचा तुकडा ग्रुपवरून घेतला, कारण तो फार जुना आणि नावाजलेला तुकडा आहे, निम्म्या जिल्ह्यात चालतो. सोमवार, मंगळवार, बुधवार लॉजमध्ये कौतुक. झुंबरबाईंनी कम्प्युटरला हार घातला. गुरुवार उजाडला. शेगावात गुरुवारी काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको. दारात पाहुण्यांची रांग, आणि पडद्यावर अक्षरं: 'आज सुट्टी आहे. उद्या अवश्य यावे.' खोलीच देईना. झुंबरबाईंचा फोन मी कानापासून हातभर लांब धरला तरी पूनमला ऐकू गेला. "कारभारीभाऊ, तुमचं कम्प्युटर गुरुवार धरते काय? मी बी धरतो, पण लॉज उघडा ठेवून धरतो ना!"

पूनमनं कोड उघडला. आत एक ओळ सापडली, गुरुवार आला की काम बंद करणारी. तिच्यावर टीप होती: 'ही ओळ काढू नये.' खाली नाव नाही, गाव नाही, कारण नाही. मी ग्रुपवर विचारलं. तेव्हा कळलं की ती ओळ सगळ्यांनीच पाहिली होती आणि कोणीच काढली नव्हती. एकजण म्हणाला, लिहिणाऱ्यानं काही पाहूनच लिहिलं असेल. दुसरा म्हणाला, महाराजांचा वार आहे, आपण कशाला हात लावा? एका मंगल कार्यालयवाल्यानं तर गुरुवारचे मुहूर्तच घेणं सोडलं होतं आणि कारण विचारलं की पंचांग दाखवत होता. प्रसेनजित तेवढा म्हणाला, "काका, वार कोणाचाही असो, कारण लिहिलं नसेल तर ती ओळ नाही, अफवा आहे."

पूनमनं ओळ काढली. गुरुवारी लॉज उघडला. शुक्रवारी वरवट बकालचं एक कुटुंब खोलीचं कुलूप उघडून आत गेलं तर आत आदल्या दिवशीचं कुटुंब पंगत मांडून बसलेलं. त्या तुकड्याचा आठवडाच सहा दिवसांचा होता. गुरुवार मध्येच घुसल्यावर त्यानं गुरुवार-शुक्रवार एकच धरले आणि एक खोली दोघांना दिली. (दोन्ही घरच्या बायकांचं गणगोत निघालं आणि सगळे एकत्र जेवले. नाहीतर मी आज हे पत्र पोलीस ठाण्यातून लिहिलं असतं.) ओळ परत टाकावी लागली. पूनमनं आतलं उलगडून पाहिलं, पण तो दिवस कुठं कुठं गाळला आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. सध्या गुरुवारी झुंबरबाई हातानं लिहितात आणि प्रत्येक नावागणिक माझं नाव घेतात.

गेल्या गुरुवारी मी लॉजवर तोंड दाखवायला गेलो, तेव्हा लेखकाचा माग लागला. आपल्या खामगावचे रंगाचे दुकानदार रामराव म्हाताऱ्या आईला दर्शनाला घेऊन आले होते. आईला घटकाभर टेकायला खोली हवी होती. लॉजच्या काउंटरवरच्या पोरीनं सवयीनं बटण दाबलं, पडद्यावर 'आज सुट्टी आहे'. रामराव चिडायच्या ऐवजी हरखले. "अरे, हे तं माह्या दुकानातलं वाक्य आहे! 'अवश्य' मी सांगतलं होतं टाकाले!" दर गुरुवारी दर्शनाला यायचं म्हणून ते दुकान बंद ठेवतात, आणि एका कॉलेजच्या पोरानं उधारीचे दिवस मोजायचा तुकडा लिहिताना तशी सोय त्यांच्या कम्प्युटरात करून दिली होती; तोच तुकडा पुढं ग्रुपवर फिरला. म्हणजे त्यांची सुट्टी कोडात बसून त्यांच्या आधी शेगावला पोचली आणि त्यांच्याच आईला खोली देईना. झुंबरबाईंनी म्हातारीला स्वतःच्या खोलीत निजवलं आणि रामरावांना म्हणाल्या, "भाऊ, दर्शन झालं की तुमची सुट्टी तुमच्या घरी घेऊन जा."

मग माझ्याकडे वळून शांतपणे बोलल्या. ही बाई शांत झाली की भीती वाटते. अधिक महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी कम्प्युटरनं खोली दिली तर ठीक, नाहीतर हार काढून कम्प्युटर माझ्या दारात, आणि मग गल्लीतल्या कोणत्याच लॉजनं मला चहासुद्धा विचारायचा नाही. तो मुलगा कोण, कुठला, रामरावांना काही आठवेना. असो. होईल काहीतरी. योगिनीला आशीर्वाद.

आपला,
कारभारी

ता. क. रामरावांना आठवलं होतं. नाव सांगितलं, आणि वर म्हणाले, "त्याच्या लग्नात जेवलो ना मी. वांग्याची भाजी झकास होती, पण सासऱ्यानं वरणात मीठच टाकलं नव्हतं." वरणात मीठ होतं. नाव मात्र मी ग्रुपवर टाकलेलं नाही. जावयाला चूक दाखवायची आपल्यात रीत नाही.

ता. क. दुसरा. रीत ही आहे की अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे. तरी पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी यावं. तुमच्या सासूबाईंनी पुरणाची तयारी धरली आहे. लॅपटॉप आणावा.

ता. क. शेवटचा. झुंबरबाईंना आणि पूनमला मी सांगून ठेवलं आहे की पुण्याहून फार मोठे तज्ज्ञ येत आहेत. तेव्हा गाळलेला गुरुवार लगेच सापडू देऊ नका. दोनदा चहा होईपर्यंत शोधा, मधेच 'हे कोणी लिहिलं बुवा' असं म्हणा, आणि मगच तो जागेवर बसवा.