स्पॅनिशचा दुसरा भूतकाळ

८ जून, सकाळ
गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या घरी स्पॅनिश क्लास जोरात. विद्यार्थी तीन. हर्षाला नागपूरच्या कॉल सेंटरमध्ये लागायचंय. नाही लागली तर दिवाळीनंतर लग्न, असं वडिलांनी बजावलंय. वीरेंद्रला फुटबॉलचं वेड. इंद्रकुमारजी पोस्टातून रिटायर, घरी करमत नाही. वर्तमानकाळ संपवला. आता भूतकाळ. सोपा आहे. होऊन गेलेलंच तर सांगायचं.

९ जून
स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन निघाले. एक, झालं आणि संपलं. दुसरा, तेव्हा असायचं, चालायचं. माझ्या मोबाइल कोर्समध्ये दुसऱ्याचा धडा लॉक आहे. वर्गात सांगितलं, दुसरा जुन्या लोकांचा, आता कोणी वापरत नाही. हर्षाने परत विचारलं, पक्कं का जी? शिक्षकाने ठाम असावं. राहिलो.

१७ जून
संकल्प: रोज पहाटे दुसरा भूतकाळ शिकणे. उद्यापासून.

१८ जून
लाइट नव्हती. परवापासून.

२ जुलै
हर्षाचा व्हिडिओ इंटरव्ह्यू. कंपनीच्या बाईंनी लहानपणाबद्दल विचारलं. हर्षा माझ्या पद्धतीने धडाधड बोलली. आई गोंदियात राहिली, संपलं. आईने जीव लावला, संपलं. बाईंचा चेहरा पडला, तुझ्या दुःखात सहभागी आहे म्हणाल्या. तेवढ्यात आई चहा घेऊन कॅमेऱ्यासमोर आली. हर्षा खोटी ठरली, नोकरी हुकली.

३ जुलै
हर्षा दारातच उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही. म्हणे, माह्या जित्या आईले मारून आली मी, एक काळ तुमी काऊन दाबून ठेवला? मी म्हणालो, उच्चार तर जमले ना. ती गेली. तरुण पिढीत सहनशक्ती कमी.

१५ जुलै
वर्गात कोणी नाही. धानाच्या रोवणीचे दिवस. वीरेंद्रकडे शेती नाही, पण कोणाच्या तरी बांधीत मदत करत असेल.

२८ जुलै
बायको रामकली बाहेरून बातमी घेऊन आली. हर्षा दुसऱ्या इंटरव्ह्यूसाठी स्वतःच शिकून राहिली, तिच्या ओसरीत वीरेंद्र आणि इंद्रकुमारजीही बसून राहिले. मी म्हटलं, म्हणजे माझीच शाखा. रामकली म्हणे, मंग शाखेत जाऊन बसा, घरात कायले बसता.

३ ऑगस्ट
हर्षाच्या ओसरीत, शाखेच्या तपासणीला गेलो. मागे बसलो. हर्षा बरी शिकवते. प्रत्येकाने आपल्याबद्दल भूतकाळात एक वाक्य सांगायचं होतं. वीरेंद्र शाळेत गोलकीपर असायचा. इंद्रकुमारजी सायकलवर टपाल वाटायचे. दोघांनीही दुसरा भूतकाळ अचूक लावला. माझी पाळी आली. आधी मराठीत सांगतो म्हटलं: मी स्पॅनिश शिकवलं. हर्षाने शांतपणे विचारलं, क्लास संपला का सर, का अजून चालू आहे? त्यावर काळ ठरते.
सगळे माझ्याकडे बघत होते. पाणी पिऊन येतो म्हणालो.
घरी आलो.