निळ्या झाकणाची बाटली

चिमे,

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलोय. काल डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला, तेव्हा तू औषधवाल्याशी भांडलीस आणि मग स्वतःलाच बोल लावत बसलीस. चूक तुमची दोघांचीही नाही. तीन महिने दर नव्या निळ्या झाकणाच्या बाटलीतलं काचबिंदूचं औषध मीच बेसिनमध्ये ओतून देत होतो आणि तिच्यात दुसरे थेंब भरून ठेवत होतो. तू गजर लावून माझ्या डोळ्यांत घालत होतीस ते नुसतं कोरड्या डोळ्यांचं औषध.

काचबिंदूच्या थेंबांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. भिंग लावूनही दुरुस्तीला आलेल्या घड्याळातला स्क्रू नीट दिसेना. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं असतंस. थेंब घालावेत तर काम जातं, न घालावेत तर डोळे जातात. मी आपलं काम निवडलं.

आज डॉक्टरांना खरं सांगतो, डोळे कोरडे न करणारे थेंब मिळतात का विचारतो. दुकानाची किल्ली मात्र माझ्याच खिशात आहे.

टेबलावर पेनाच्या रेघा उमटल्या असतील, तेवढ्या पूस. उजवीकडे कागद कुठे संपतो ते मला आता दिसत नाही.

बाबा