चव्वेचाळीस शेरांची अट

आई,

फडताळातल्या डब्यात वहिनीच्या बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे चोवीस लाडू होते, आता सतरा आहेत. सात मी आठवडाभरात खाल्ले. वहिनीच म्हणाली, "खा गं, सासूबाईंनी विचारलं तर मांजराचं नाव सांगू."

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, तरी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या अर्जावर अप्पा सही करीनात. "काडीसारखी पोर, तिथल्या थंडीत टिकायची न्हाई. चव्वेचाळीस शेर भर, मग बघू." म्हणून आज मी पेढीवर चपला काढून गुळाच्या काट्यात बसले. अप्पांनी दोनदा तोललं आणि सही केली.

तूही रोज माझ्या भाकरीवर जास्तीचं तूप घालत होतीस, ते मी पाहिलंय. अर्ज पोस्टात टाकून येते.

त्रिशला

ता. क. वजन चव्वेचाळीस शेर तीन छटाक.