दोघींचं रक्त

३ मार्च
थोरलीचं दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं! कॅन्सर होऊ नये म्हणून गेल्या वर्षी दोन्ही स्तन काढले, आता अंडाशय काढायचे होते. नवी डॉक्टरीण हट्टाला पेटली — "जुन्या रिपोर्टवर मी चाकू लावणार नाही. रक्त पुन्हा तपासा." म्हटलं, बाई, हिची आई याच कॅन्सरनं गेली. दोघी मुलींचं रक्त एकाच दिवशी दिलं. धाकटी सुटली, आईकडून आलेला जनुकाचा दोष हिच्यात निघाला. छापून आलंय! "छापलेलं पुन्हा तपासायला काय जातं, काका?" बाई माझ्याच जातकुळीतली. मीही गिऱ्हाईक सांगतं म्हणून पंप खोलत नाही. आधी चालवून आवाज ऐकतो.

२४ मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज खाली गेलेला. थोरलीच्या रक्तात दोष नाही. कधी नव्हताच.
थोरली एवढंच म्हणाली — "म्हणजे उगाच कापलं?" मग ओटा पुसायला लागली. पुसलेलाच पुसत राहिली. जावई उठून बाहेर गेला. अनवाणीच.

२५ मार्च
लिहवत नाही.

२८ मार्च
लॅबमध्ये गेलो. साहेब "आम्हाला खेद आहे" घोळवत बसले. पडद्याआड लॅबमधल्या दोघी पोरी कुजबुजत होत्या. माझे कान तिखट — "त्या दिवशी लेबलं आधीच लावून ठेवली होती गं, नंबरानं. येईल तिचं रक्त घेतलं. नाव कुणी विचारलंच नाही."
साहेबांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. पहिला नंबर थोरलीचा होता. पण ती सुईला भिते — लहानपणापासून! धाकटीनं तिला बाजूला सारलं. "सरक ताई, मी जाते आधी. मुंगी चावते तेवढंच, बघ." मी तिथंच बसलो होतो. केवढे हसलो होतो आम्ही!
म्हणजे दोष धाकटीत. आणि ती दोन वर्षं निर्धास्त.

२९ मार्च
थोरली म्हणते, "तिला मी सांगेन. पण आधी कोण गेलं ते काढायचं नाही, बाबा. जन्मभर स्वतःला खाईल."
"आणि तुझं काय?"
"माझं झालं ते झालं. ती तरी वेळेत वाचेल."
कुणाच्या पोटची ही पोर! माझ्या तर नक्कीच नाही, मी असतो तर लॅब डोक्यावर घेतली असती. न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला, मग रडलो.

३० मार्च
धाकटी आली. सगळं ऐकून घेतलं. मग ताईचा हात धरला आणि आपल्या काखेत नेला.
"ही गाठ थंडीपासून आहे. रिपोर्ट चांगला होता ना — म्हणून बोलले नाही."