मंडईच्या दुसऱ्या दिवशी

बाबा, आज आपल्या गावची मंडईची जत्रा झाली. दिवाळीनंतर लेकीबाळींना मंडईला बोलावलं नाही तर गाव नावं ठेवतं, आणि आई म्हणते, बापामागे तरी मानपान सांभाळावा, म्हणून मी दरवर्षी येते. बाजार, पाळणे, दंडारीचा ढोल, घरोघरी पाहुणे, सगळं तुमच्या वेळेसारखंच चालू आहे. चुलीपाशी तुम्ही पाय शेकत बसायचात ती जागा भावजयीने लाकडं रचायला घेतली आहे. लाकडांनाही जागा लागतेच.

तुम्ही शत्रूच्या कैदेतून सुटून आलात तेव्हा याच गावाने गुलाल उधळला होता. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. बैलगाडीतून उतरताना तुम्ही आधी पाय चाचपून टेकवलात, ते ढोलाच्या गोंगाटात कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिथे तुम्हाला तळपायांवर मारलं होतं. आई रोज संध्याकाळी मोहाच्या बियांचं तेल चोळायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्हाला चिखलात उभं राहवत नसे, तुम्ही बांधाच्या धुऱ्यावर बसून बायांना सूचना द्यायचात, आणि लोक म्हणायचे, फौजी माणूस, फुकटची पेन्शन खातो, तो कशाला वाकेल. तुम्ही हसून सोडून द्यायचात. मला त्यांच्या अंगावर शेणाची पाटी उपडी करावीशी वाटायची, अजूनही वाटते.

तुमच्याबरोबर शेजारच्या गावचा एक तरुण शिपाई धरला गेला होता. परत आलेल्यांत तो नव्हता. सरकारने घरी कळवलं की तो लढाईत मारला गेला. तुम्ही म्हणालात, खोटं आहे, तो माझ्यासंगे कैदेत होता, आणि मी सुटलो तेव्हा जिवंत होता, डोळ्यांनी पाहिलं मी. त्याची आई, जिला आपण सगळे मावशी म्हणतो, तुमच्या शब्दावर राहिली. तिने पोराचे दिवस केले नाहीत.

माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षीची मंडई मला अजून दिसते. दुपार आहे. दंडारीतली पोरं लढाईचा खेळ करताहेत. एकाला शत्रूचा धरून आणलेला शिपाई केलंय, दोघं त्याच्या तळपायांवर काठ्या आपटताहेत, आणि तो टुणटुण उड्या मारतोय. लोक हसून हसून लोटपोट झालेत. मीही हसतेय. तुम्ही माझा हात धरता. "टाळ्या नोको वाजवू," एवढंच म्हणता, आणि उठून त्या पोराजवळ जाता.

"बापू, असा नाही नाचत मानूस. त्याले उभंच नाही राहता येत."

ढोल थांबतो. मागून कोणाचा तरी पाहुणा बोलतो, "दुश्मनच तं हाय मामा. त्याहिचे कैदी आपल्याकडे होते, तवा आनखी झोडपाले पायजे होतं."

"मले मारनारा बी असाच म्हने," तुम्ही शांतपणे म्हणता. "त्याच्या गावात बी लोकं असेच हासत असतीन."

मग तुम्ही तिथेच उभे राहून सांगता की उद्या नागपूरचा साहेब भंडाऱ्याला कचेरीत फौजींचं गाऱ्हाणं ऐकायला येऊन राहिला. "आमच्यासंगचा पोरगा तिकडंच हाय. मी एकटा बोल्लो तं साहेब ऐकत नाही. गाव आला तं ऐकन. येता का?" सगळे म्हणतात, येतो. सरपंच म्हणतात, ट्रॅक्टर काढतो. ढोल पुन्हा सुरू होतो, आणि कैदी पुन्हा उड्या मारू लागतो, जरा कमी.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर आपण तिघंच होतो. तुम्ही, मी आणि मावशी. कोणाकडे पाहुणे थांबले होते, कोणाचा धान कापायला आला होता, आणि ट्रॅक्टर म्हणे बिघडला होता. तोच ट्रॅक्टर दुपारी सरपंचांच्या व्याह्यांना पोचवायला गेला, हे आपल्याला परतल्यावर कळलं. तुम्ही मात्र यष्टीत बसताना मला म्हणालात, "लोकं वाईट नाही पोरी. त्याहिले आपलं घर पुरते." तुमचं हे समजूतदारपण मला कधी पटलं नाही.

साहेबही वाईट नव्हता. त्याने मावशीला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाला, "तुमचा मुलगा शहीद आहे. सरकारने त्याचा मान केला. आता जुनं उकरून काय मिळणार?" तुम्ही म्हणालात, "मेल्याचा मान केला साहेब. धरून नेलेल्याची चौकशी कोन करन?" तो म्हणाला, "तो वरचा विषय आहे." वर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता आलं नाही. पुढे दरवर्षी साहेब बदलला आणि उत्तर तेच राहिलं. तुम्ही आणि मावशी दर मंडईनंतर जात राहिलात, शेवटी शेवटी काठी टेकत. फाट्यावरची पोरं म्हणायची, निघाली जोडी दिल्ली जिंकायला.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला जवळ बसवून घेतलंत आणि सांगितलंत. सुटताना तुम्ही त्याला पाहिलंच नव्हतं. तुम्हाला वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलं होतं. एका दुपारी भिंतीपलीकडून त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग ते थांबलं, आणि त्यानंतर त्याचा आवाज कधीच आला नाही. मी विचारलं, मग जिवंत आहे असं का सांगत राहिलात? तुम्ही म्हणालात, "मेला म्हनलो असतो तं सरकार म्हनते, आमी बी तेच म्हनून राहिलो. कागद बंद. कैदेत कसा मेला, कोन इचारते? जिता हाय म्हनलं तं काई तरी इचारा लागते." आणि मग, "मावशीले नोको सांगू."

मी नाही सांगितलं. आज मावशी मंडईला आली होती. आता पाठीत वाकली आहे, पण चहा अजून कपभर लागतो. बशीत ओतता ओतता तिने सहज विचारलं, "मरतानी तुझ्या बापानं सांगतलं का तुले? माझा पोरगा तिकडंच मेला म्हनून?"

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"मले पयल्याच सालापासून मालूम हाय," ती म्हणाली. "मी इचारली, सुटतानी तो बारीक झाला होता का, तं तुझा बाप आपल्या पायाकडं पाहे."

"मग दरसाल कचेरीत कायले जात होती मावशी?"

"तो एकटा जाये ना वं."

मला रडू आलं नाही बाबा. तुमचा राग आला. तुम्ही तिला जपलंत, तिने तुम्हाला जपलं, तुमच्यामागे मी तिला जपत बसले, आणि या जपाजपीत खरा प्रश्न सरकारला कोणी विचारलाच नाही. मी हे तिला बोलूनही दाखवलं. ती रागावली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "उद्या साहेब येऊन राहिला म्हन्ते. आता जिता हाय का, हे नाही इचाराचं. कसा मारला, कोनं मारला, आन् तुमी कायले नाही इचारलं, हे इचाराचं. तू संग चाल. तुले बोलता येते."

मी हो म्हणाले आहे. सकाळची यष्टी आहे. हे कागद आईच्या पेटीत तळाला ठेवते. तुमच्याशी भांडायला मला कधी जड गेलं नाही, साहेबाशीही जाणार नाही. पण भिंतीपलीकडून तुम्हाला जे ऐकू आलं, ते मावशी शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना माझ्या तोंडून निघेल का, ते मला माहीत नाही बाबा.