टोपलीचा दोर

अलेक्झांड्रिया, शुक्रवार

रिफात बाळा,

तुझ्या आईच्या टोपलीला नवा दोर लावायला मला साठ पौंड पडले. त्यानंतर एकट्या म्हाताऱ्यांना सोबत करणाऱ्या आमच्या मंडळाला तिची दर शुक्रवारी वर्गणी येऊ लागली. सौदा मला स्वस्त वाटला.

उकडलेल्या वालाच्या गाडीपासून मी तुमच्या घराखालच्या दुकानापर्यंत आलो तो कानांच्या जोरावर. कोण कुठल्या मजल्यावर खोकतं, ते मी रस्त्यावरून सांगतो. "आपल्या गल्लीत एकही म्हातारं माणूस एकटं नाही," असं तुला फोनवर मीच सांगायचो.

मी खालून तुझ्या आईला हाक मारायचो, "उम्म रिफात, मंडळासाठी काही?" चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून टोपली उतरायची, मागोमाग आवाज. "नुसते पैसे काय नेतोस मेल्या, चहाला वर ये की."

"पुढच्या शुक्रवारी नक्की."

मग आवाज बंद झाला. पुढचे दोन शुक्रवार टोपली मात्र येत राहिली, त्यात नोटही असायची. घसा बसला असेल, म्हटलं.

गेल्या शुक्रवारी मात्र टोपलीत नोट नव्हती. चहाचा कोरडा ग्लास होता, तळाशी साखर घातलेली. मी हसत वर गेलो. दार उघडेना, तेव्हा आम्ही ते फोडलं. आई खाटेवर होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन पंधरवडा झाला असावा. गॅलरीचं दार आतून बंद होतं आणि कडीवर धूळ होती.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आज दुकानासमोर टोपली पुन्हा लोंबतेय.

तो जिना मी आयुष्यात एकदाच चढलोय.

तुझा,
शुक्रीकाका