कवळीवाल्याने कोणती भाषा घ्यावी?

२ फेब्रुवारी, सोमवार

काल छोटीचा फोन. दर रविवारी असतो तसा. कसे आहात बाबा? — बरा आहे. जेवलात? — हो. तू? — हो. मग मी म्हणालो, आईला देतो. झालं! चौतीस वर्षांची पोर, लग्न होऊन लांब गेलेली, आणि बापलेकीचं बोलणं एवढंच. पुढे तासभर ही बोलत होती. मी पेपर उघडून बसलो, पण कान तिकडेच.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, तिच्या कामाचं का नाही विचारत कधी काही? काय विचारू? कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते, एवढं ठाऊक आहे. म्हणजे नेमकं काय करते, देव जाणे. लोकांना मात्र छाती फुगवून सांगतो — मुलगी प्रोग्रॅमर आहे!

आज लॅबमध्ये दिवसभर तेच डोक्यात. एक वरच्या जबड्याची कवळी पॉलिश करता करता ठरवून टाकलं — आपणही प्रोग्रॅम लिहायला शिकायचं. साठी जवळ आली म्हणून काय झालं? कवळ्या करायला तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आलो होतो! तिच्याशी बोलायला काहीतरी हवं ना हाताशी.

छोटीला इतक्यात सांगायचं नाही. आधी थोडं येऊ दे.

५ फेब्रुवारी

आधी भाषा निवडावी लागते म्हणे! मला वाटलं होतं, प्रोग्रॅम म्हणजे प्रोग्रॅम. निघाल्या ढीगभर भाषा.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, सी घ्या. पाया पक्का होतो. पाया कच्चा तर सगळी इमारत कच्ची. स्वतःच्या घरात छत गळतंय, त्याला बादली लावलीय, आणि मला इमारतीच्या गोष्टी सांगतात!

दातांच्या डॉक्टर मॅडमकडे तयार काम पोचवायला गेलो, त्यांना विचारलं. त्यांचा भाऊ त्याच धंद्यात. तो म्हणतो जावास्क्रिप्ट, कारण जिकडे बघावं तिकडे तीच. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला जावा. मी म्हटलं, म्हणजे तीच ना ती? तर हसायला लागला. दोघींचा काही संबंध नाही म्हणे. आडनाव सारखं, नातं शून्य.

९ फेब्रुवारी

काल रविवार. बरा आहे. जेवलो. आईला देतो. जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

पायथन नावाची आणखी एक निघाली. नवशिक्याला तीच सोपी, असं बरेच जण सांगतात. दुसरे बरेच जण सांगतात की सोपीने सुरुवात केली की सवय बिघडते. ऐकावं जनाचं, करावं मनाचं — पण मनालाच काही कळत नसेल तर?

लॅबमधला माझा भागीदार, ज्याला सगळे प्लास्टर म्हणतात कारण साचे तो ओततो, त्याचं मत वेगळंच. म्हणाला, तू आधी मोबाइलवरून फोटो पाठवायला शीक. काल मला अंगठ्याचा पाठवलास.

१२ फेब्रुवारी

आज डोक्यात प्रकाश पडला. कोण काय वापरतं ते सोडा. मला काय हवं? आम्ही कवळी एकदम पक्की करत नाही. आधी दात मेणात बसवतो. डॉक्टर ती पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्याला हसायला लावतात, बोलायला लावतात. दात पुढे वाटला की मेण गरम करायचं, मागे घ्यायचा. पेशंट खूश झाला की मगच पक्की. मला भाषाही अशीच हवी — थोडं केलं, घालून बघितलं, चुकलं, हलवलं.

मोठ्या उत्साहाने इंजिनिअरसाहेबांना विचारलं, सी मध्ये मेणाची ट्रायल असते का? ते म्हणाले, चहा घेता?

निवड काही होईना. चार पुस्तकं चाळली, एक पान शिकलो नाही. लग्नाला मुली बघत फिरणाऱ्यासारखं झालंय माझं. ही म्हणाली, अहो, जिच्यासाठी करताय तिलाच विचारा की!

तेही खरंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

विचारलं!

फोन हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. शिकायचंय, भाषा ठरेना. ती आधी हसली. खूप हसली. मग म्हणाली, बाबा, खरंच? मग तिने पाढा सुरू केला — तुम्हाला काय करायचंय त्यावर अवलंबून आहे, वेबसाइट करायची असेल तर ही, अमुक असेल तर ती. मी मध्येच थांबवलं.

"मला वेबसाइट नको नि काही नको. तू जी वापरतेस तीच मला शिकायची. दुसरी शिकून मी बोलू कुणाशी?"

मला वाटलं फोन कटला. दोनदा हॅलो म्हटलं.

"पायथन, बाबा," ती म्हणाली. "पायथन घ्या. मी शिकवते."

काखेत कळसा नि गावाला वळसा! पंधरा दिवस जगाला विचारत फिरलो आणि ती घरचीच निघाली. आणि मेणाची ट्रायलही आहे तिच्यात — एक ओळ लिहायची, लगेच चालवून बघायची. आज तिच्याशी हिच्यापेक्षा जास्त मी बोललो. ही फोनसाठी हात पुढे करून उभी!

१७ फेब्रुवारी

छोटीने पुस्तक पाठवलं. तिने स्वतःसाठीही तेच घेतलंय, म्हणजे दोघांची पानं सारखी राहतील. हुशार आहे पोर.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिला धडा. कॅमेऱ्यातून. तिच्यासमोर पुस्तक, माझ्यासमोर पुस्तक. सावकाश शिकवते, एकेक ओळ बोट ठेवून. मला वाटलं होतं भराभरा उरकेल, रोजचंच काम तिचं. पण नाही. मोठा धीर आहे पोरीला. हा गुण हिच्याकडून आला, माझ्याकडून नक्कीच नाही.

तिच्या लहानपणी मी तिला सायकल शिकवायला गेलो होतो आणि पाचव्या मिनिटाला ओरडलो होतो. ती एकदाही ओरडली नाही माझ्यावर.

२४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर मला नमस्कार म्हणाला! मीच लिहिलं होतं, तरी बरं वाटलं. मीही नमस्कार केला. ही म्हणाली, मी हाक मारते तेव्हा मान वर होत नाही तुमची.

३ मार्च

आज कमाल झाली. नेहमीचे नमस्कार बिमस्कार सोडून मी स्वतःच्या डोक्याने प्रोग्रॅम रचला. आमच्याकडे दातांना नंबर असतात. मधल्या पुढच्या दातापासून मागे मोजत जायचं — पहिला तो अगदी समोरचा, तिसरा सुळा, आठवी अक्कलदाढ. म्हटलं, आपण नंबर सांगायचा, कॉम्प्युटरने दाताचं नाव सांगायचं. आठ नावं ओळीने लिहिली. एक नंबर दिला, तर त्याने दुसऱ्याच दाताचं नाव सांगितलं. तीन दिला, सुळा सोडून पुढे गेला. आठ दिला तर चिडलाच! असा काही दातच नाही म्हणे. ही म्हणाली, अक्कलदाढ नाही? मग माणूस बरोबर ओळखला त्याने.

छोटीला फोन लावला. तिने दोनतीनदा वाचून दाखवायला लावलं. तिलाही कळेना! म्हणाली, थांबा बाबा, बघून सांगते. मी स्वयंपाकघरात चकरा मारत होतो तोवर तिचा फोन आला, आवाजात आनंद — अहो, हा शून्यापासून मोजतो! पहिला दात म्हणजे शून्य नंबर. "मीही एकापासूनच मोजत होते हो," म्हणाली.

शून्य नंबरचा दात! आम्ही दोघं इतके हसलो की तिच्या ऑफिसातलं कुणीतरी विचारायला आलं. उद्या डॉक्टर मॅडमना सांगतो, शून्य नंबरचा दात ठणकतोय म्हणून.

८ मार्च, रविवार

धडा अर्धा तास, गप्पा दीड तास. तिच्या ऑफिसात तिची खिडकी कुठे आहे, तिथे बसणारा कबुतराचा जोडा, तिला उशीर झाला की जावई भात लावतात आणि तो नेहमी गच्च होतो — हे सगळं मला आज कळलं. हिला सगळं आधीच माहीत होतं. मी म्हटलं, मला कधी बोलली का नाहीस? ही म्हणाली, तुम्ही विचारलंत का?

मी तिला दात कसे बसवतात ते सांगितलं. सरळ रेषेत बसवले की कवळी खोटी दिसते, एखादा जरासा वाकडा ठेवावा लागतो. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. किंवा मी पहिल्यांदा सांगितलं.

छान चाललंय. खरंच छान चाललंय.

१२ मार्च

जोर चढला होता. एकट्याने दोन धडे पुढे गेलो आणि शंकांची लांबलचक यादी तिला पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं — बाबा, इतकं पुढे नका जाऊ ना. हळूहळू करू.

जरा लागलं मनाला. शाबासकी सोडाच.

१५ मार्च, रविवार

आज तिचे डोळे ओढलेले दिसत होते. एकाच शंकेला दोनदा अडखळली. मी विचारलं, काम फार आहे का? तर म्हणाली, नाही, काही नाही. चला, पुढची ओळ.

मला वाटतं मी तिला भार झालोय. दिवसभर तेच काम करून येते आणि वर बाप तेच घेऊन दारात उभा. कोणाला वैताग येणार नाही? थांबवावं का हे सगळं? पण थांबवलं की पुन्हा बरा आहे, जेवलो, आईला देतो. ते आता नको वाटतं. अगदी नको.

हिला बोललो. ती म्हणाली, "भार झाला असता तर तिने शनिवारीच मला फोन करून विचारलं नसतं, बाबांचा अभ्यास झाला का म्हणून."

२२ मार्च, रविवार

काल जावई कामासाठी इकडे आले होते, चहाला डोकावले. मी कौतुकाने म्हणालो, तुमच्या बायकोमुळे मला पायथन यायला लागलं. "आणि तुमच्यामुळे तिला," म्हणाले. मला कळेना. मग सगळं बाहेर आलं. तिचं काम बँकेच्या जुन्या यंत्रणेवर, भाषाही जुनी, वेगळीच. पायथनचा तिला गंधही नव्हता. तिची ती जुनी मला झेपायची नाही आणि मी सोडून देईन, म्हणून सोप्या भाषेचं नाव सांगितलं. आता रोज पहाटे उठून माझा पुढचा धडा करते, मग ऑफिसला जाते. एवढं बोलून जावयांनी जीभ चावली. तिला कळू देऊ नका म्हणाले.

आज तिने पुस्तक उघडलं आणि विचारलं, पुढचा धडा घेऊ या? मी म्हटलं, नको गं बाळा, मागचाच नीट बसला नाही माझा. हा आठवडा तोच राहू दे.

मागचा धडा मला तोंडपाठ आहे.

"बरं बाबा," म्हणाली. "मग आज नुसत्याच गप्पा मारू." उद्या तरी पोरीला जरा उशिरा उठू दे.